झिंग्यांची प्लेट

माझं माहेर अकोल्याचं, सासर मोर्शीकडचं. दोन्ही घरी मासा म्हणजे धरणातला. समुद्राची मासळी मिळायची ती अमरावतीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उघडलेल्या चायनीजमध्ये. गोव्याच्या हॉटेलांत बरीच वर्षं स्वयंपाक करून परतलेला एक माणूस ते चालवायचा. चार टेबलं, भिंतीवर लाल ड्रॅगन, आणि आत कढईचा सतत खणखणाट.

त्या रविवारी दुपारी मीच नवऱ्याला ओढत नेलं. बाहेर जेवायला गेलो की हे पनीरच मागवणार. मी त्यांच्या प्लेटमध्ये लसूण-मिरचीतले झिंगे वाढले आणि म्हटलं, "एकडाव खाऊन तं पाहा." एक खाल्ला. आवडला, म्हणून आणखी चार-पाच खाल्ले.

थोड्या वेळानं ते मान खाजवू लागले. "घशात कसंतरीच होऊन राह्यलं वो."

"मिरचीचा ठसका असंन. पानी प्या," मी म्हटलं आणि नूडल्स वाढत राहिले.

मान वर केली तेव्हा त्यांचे ओठ सुजले होते. डोळे बारीक झाले होते. बोलायला तोंड उघडलं, पण आवाजाऐवजी नुसती शिट्टी आली. मी त्यांची पाठ चोळत सुटले. घास अडकला असेल, असंच वाटत होतं मला.

मालक आतून धावत आला. एकदा पाहिलं आणि गॅस बंद करा म्हणून ओरडला. "वहिनी, यायले झिंगे सोसले नाई. गोव्यात पाह्यलं मी हे. उठा, बसा गाडीवर!"

त्याच्या स्कूटरवर हे मधे, मागून मी त्यांना कवटाळून. त्यांची छाती माझ्या हातांखाली जोरजोरात ओढत होती आणि आत हवा जात नव्हती. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरची बाई म्हणाली, "डॉक्टर जेवून राह्यले. फाइल बनवा, बसा."

"बसा काय? माणूस मरून राह्यला माहा!" मी किंचाळले. ती पेन शोधत होती. मालकानं ह्यांना अक्षरशः उचलून परत स्कूटरवर टाकलं.

दुसऱ्या दवाखान्यात नर्सनं चेहरा पाहताच डॉक्टरला हाक मारली. पँटवरूनच मांडीत इंजेक्शन गेलं. मग काहीच होईना. मी पलंगाशी त्यांचा पाय धरून उभी राहिले, कारण चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. नखं निळसर दिसत होती. दुसरं इंजेक्शन दिलं. मी कोणाकडे काय मागत होते तेही आठवत नाही, नुसती पुटपुटत होते.

हळूहळू शिट्टी कमी झाली. मास्कखालून पहिला शब्द आला तो असा: "मी सांगून राह्यलो होतो तुले."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. मालक ॲप्रन घालूनच बाकावर बसला होता.

आता त्याच्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारतो, "झिंगे कधी खाल्ले काय?" ह्यांना मास्कखालून बोललेलं ते वाक्य आठवत नाही. बरे आहेत, शाळेत शिकवतात. पण रात्री जरा खोकले तरी मी उठून बसते आणि श्वास नीट ऐकू येईपर्यंत आडवी होत नाही.