मनगटाकडची पंगत

मंठ्याच्या बाजार समितीत राजानंदनं आणि मी एकतीस वर्षं हमाली केली. आम्ही लागलो तेव्हा पोतं क्विंटलाचं असायचं. पुढं पन्नास किलोचं आलं आणि नवी पोरं म्हणू लागली, हमाली सोपी झाली. सोपी नाही झाली, फेऱ्या दुप्पट झाल्या. राजानंद पोत्याखाली वाकून आधी श्वास सोडायचा, मग उठायचा. बाकीचे श्वास कोंडून उचलतात आणि पन्नाशीत कंबर धरून बसतात. तो साठीला सरळ पाठीनं बाजाराबाहेर पडला.

पण लोक त्याला ओळखायचे ते वाढपी म्हणून. लग्न असो, तेरवी असो, जयंती असो, पंगत वाढायला राजानंद पाहिजे. तो नेहमी पंगतीच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करायचा. मानाची माणसं वरच्या टोकाला बसलेली असायची. ती आधी रागावली, मग त्यांना सवय झाली.

त्याचं कारण त्याचे आजोबा. गावातल्या लग्नात त्यांच्या लोकांना गोठ्यामागं बसवायचे. तिथं पोचेपर्यंत वरणाचं पाणी झालेलं असायचं. आजोबांनी पुढं छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, घर बदललं, पण गोठ्यामागची ती बैठक त्यांच्या बोलण्यातून कधी उठली नाही. नातू रोज ती ऐकत ऐकत जेवला. एकाच पंगतीत एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याचं पान कोरडं, याला आपल्याकडं पंक्तिप्रपंच म्हणतात. राजानंद हा शब्द शिवीसारखा वापरायचा.

गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारापाशी खीर होती. साठ लिटरचं पातेलं चुलीवरून उतरवून आम्ही दोघं मांडवाकडं नेत होतो. एक कडी त्याच्या हातात, दुसरी माझ्या हातात. त्याच्या बाजूची निखळली. पातेलं त्याच्याकडं कलंडलं आणि उकळती खीर उजव्या हातावर आली, कोपरापासून मनगटापर्यंत. पाणी ओघळून जातं. खीर चिकटून बसते.

लोक पीठ घेऊन धावले, कोणी टूथपेस्ट आणली. त्याची बायको बेबीनंदा सगळ्यांना बाजूला सारून त्याला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली आणि नळाखाली हात धरून बसली. वीस मिनिटं. कोणाशी बोलली नाही, कोणाचं ऐकलं नाही. पुढं डॉक्टर म्हणाल्या, निम्मा हात त्या नळानं वाचवला.

जालन्याच्या दवाखान्यात भाजलेल्यांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांना हिरवे पडदे. वैशाखातलं ऊन त्यातून आत आलं की सगळा वॉर्ड तळ्याच्या तळाशी असल्यासारखा वाटायचा. पांढऱ्या पट्ट्यांतली माणसं त्या हिरव्या उजेडात हळूहळू हात हलवायची. कूलरची घरघर, औषधाचा वास. सकाळ-संध्याकाळ बेबीनंदा असायची, दुपारची पाळी माझी होती.

तिथल्या डॉक्टर तृप्ती तरुण होत्या. जळालेली कातडी परत कशी येते यावर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांनी स्टूल ओढून बसून राजानंदला सगळं सांगितलं. मांडीवरून टपालाच्या तिकिटाएवढी, पातळ कातडी काढायची. ती औषधात कोमट ठेवायची, खरवडायची, म्हणजे तिच्यातल्या जिवंत पेशी सुट्या होतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. त्या पाण्यात मिसळून जखमेवर फवारायच्या. पेशी जागा धरतात, वाढतात, एकमेकींना जाऊन मिळतात.

"बी फेकल्यासारखं," राजानंद म्हणाला.

तसंच, त्या म्हणाल्या. फक्त एक अट होती. जखमेच्या निम्म्या भागावर फवारायचं, निम्म्यावर नाही. त्या भागाला नेहमीची मलमपट्टी. कोणता निम्मा, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. असे तीस हात त्यांना पाहायचे होते. तीन वर्षांत एकोणतीस झाले होते. राजानंदचा तिसावा. नको असेल तर नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. कागद वाचून दाखवला. राजानंदनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

चिठ्ठीत कोपराकडची बाजू निघाली. मनगटाकडची उरली.

फवारणी झाली, पट्टी बांधली. दैवशाला सिस्टरनं हात उशीवर आडवा ठेवला आणि बजावलं, पाच दिवस हात सपाट, हलवायचा नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनानं राजानंद झोपत नव्हता आणि जागाही राहत नव्हता. डोळे अर्धे उघडे ठेवून बोलायचा. मी ऐकायचो.

पहिल्या दुपारी तो म्हणाला, हातावर पंगत बसली आहे. कोपरापासून मनगटापर्यंत लांबच लांब पंगत. पत्रावळी मांडल्या आहेत. माणसं फार बारीक आहेत, तांदळाच्या कण्यांएवढी, पण चेहरे दिसतात. कोपराकडचे जेवत आहेत. मनगटाकडचे हात धुऊन बसले आहेत. त्यांच्याकडं कोणी येत नाही. ते काही मागत नाहीत, नुसते वाढप्याच्या वाटेकडं बघत आहेत.

मी म्हणालो, झोप.

थोड्या वेळानं म्हणाला, शेवटच्या पानावर आजोबा आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत, पाठ ताठ. पान कोरडं.

पडदा हलला, हिरवा उजेड त्याच्या तोंडावरून सरकत गेला. मग त्यानं अगदी शुद्धीत असल्यासारखं सांगितलं, "रामराव, कोपराखाली अजून एक उशी दे."

मी दिली. कोपर वर झालं, पंजा खाली आला. मला वाटलं, आराम पडत असेल. आराम कसला. भाजलेला हात तसा उताराला धरून ठेवायचा म्हणजे खांद्यापासून कळ येते. त्याच्या कपाळावर घाम होता. दीड-दोन तास त्यानं हात तसा धरला. सिस्टरची पावलं वाजली की उशी काढायला सांगायचा. दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच. मी पोती उचलणारा माणूस, मला कष्ट कळतात. हा माणूस आडवा पडून पोतं वाहत होता, एवढं मला दिसलं. कुठं वाहत होता ते विचारलं नाही. ती माझी चूक.

सातव्या दिवशी पट्टी उघडली. खाली कातडी आली होती. गुलाबी, ओलसर, दुधावर साय धरावी तशी. हात लावला तर सुरकुतेल असं वाटत होतं. डॉक्टरांनी त्यावर पारदर्शक कागद ठेवला, भरलेल्या जागेची कड पेनानं काढली, फोटो घेतले. कोपराकडं चांगलं भरलं होतं. मनगटाकडं जवळजवळ तेवढंच.

त्यांनी दोन्ही कडा पुन्हा ताडून पाहिल्या. म्हणाल्या, आधीच्या हातांमध्ये फरक दिसत होता, पण थोडाच. काठावरचं गणित आहे. या हातात फरकच नाही. राजानंदनं विचारलं, मग काय होणार. त्यांनी सरळ सांगितलं. सगळ्या हातांचं मिळून फवारणीनं विशेष फायदा नाही असं निघालं तर तसं लिहावं लागेल, आणि मग इथं ती सोय कोणी करणार नाही.

"पण मंग ते अर्धं कोरडं का ठेवता, बाई?"

त्या म्हणाल्या, शरीर आपलं आपणही बरं होतं. ते किती, हे आधी कळलं पाहिजे. तेवढं वजा केलं की उरतं ते औषधाचं. मनगटाकडचा भाग त्यासाठी आहे.

त्या दिवशी राजानंद जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजेक्शन नव्हतं. तो छताकडं बघत पडला होता. कूलर चालू होता. मला डुलकी लागली होती. त्याच्या आवाजानं जागा झालो.

"रामराव, ते बारदान हाये."

मला वाटलं, अजून गुंगीत आहे. बारदान म्हणजे रिकामं पोतं. बाजारात माल तोलताना बारदानाचं वजन आधी घेतात आणि मग एकूण वजनातून वजा करतात. त्याशिवाय धान्य किती ते कळत नाही. हमालाला हे शिकवावं लागत नाही.

"मनगटाकडचं बारदान हाये. बाई तेच तोलून राह्यल्या. अन् मी बारदानात माल भरला."

मग त्यानं सांगितलं. कोपराकडं फवारलेलं पाणी उतारानं मनगटाकडं जावं म्हणून त्यानं हात तसा धरला होता. तीन दुपारी. पट्टीच्या आतून, थेंब थेंब. शेवटच्या पानापर्यंत.

 उशी मीच दिली होती.

आता त्याच्यापुढं एकच प्रश्न होता, सांगायचं की नाही. सांगितलं तर बाई चिडतील, नाव काढून टाकतील, असं त्याच्या डोक्यात बसलं. मनगट अजून वळत नव्हतं. रोज एक माणूस येऊन व्यायाम करून घ्यायचा, वर्षभर घ्यावा लागणार होता. तो बंद झाला तर मनगट आखडणार. मग पंगतीत पळी धरता येणार नाही. त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

बेबीनंदा संध्याकाळी आली, तिनं ऐकून घेतलं आणि डबा उघडत म्हणाली, "हात बरा होऊ द्या, मंग बोला खरं. खरं काय पळून जातंय का? तुमचा हातच कुठं जाईल सांगता येत न्हाई."

मला तिचं पटलं. मी तसं म्हणालो.

"तवर त्या लिहून मोकळ्या होतील," राजानंद म्हणाला. "उद्या एखादं भाजलेलं येईल. त्याला म्हणतील, फवाऱ्याचा काही उपेग न्हाई. का? तर राजानंदच्या हातावर झाला न्हाई म्हणून."

"पंक्तिप्रपंच करू नका म्हणून आयुष्यभर भांडले," बेबीनंदा म्हणाली, "अन् जिथं करायचा तिथंच नेमका केला न्हाई." ती हसली नाही, पण तो हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

त्या रात्री मी वॉर्डातच थांबलो, सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा तिथंच होतो. राजानंद उठून बसला. हात सपाट ठेवून सगळं सांगितलं, उशीसकट. उशी कोणी दिली हे सांगताना माझं नाव घेतलं नाही. ते मी सांगितलं.

डॉक्टर तृप्तींनी फाईल मिटली. खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. हिरव्या पडद्याच्या उजेडात त्यांचा पांढरा कोटही हिरवा दिसत होता. परत आल्या तेव्हा आवाज कोरडा होता. हा हात मोजता येणार नाही, म्हणाल्या. मनगटाकडं पेशी गेल्या की नाही, गेल्या तर किती, आता कळायला मार्ग नाही. त्यांनी तिसाव्या ओळीवर रेघ मारली, कारण लिहिलं, तारीख टाकली.

"मी निघू का मंग?" त्यानं विचारलं.

"कुठं? व्यायामाची वेळ झाली आहे," त्या म्हणाल्या. मोजणीतून हात गेला होता, उपचारातून नाही. हे त्या कागदात होतं. वाचूनही दाखवलं होतं. आम्हाला ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या मनाला दुसरंच लागलं. एवढी कळ सोसली आणि ती कुठंच जमा नाही. मलाही ते लागलं. मोजलं न गेलेलं पोतंही पाठीला तितकंच जड असतं.

जाताना डॉक्टर थांबल्या. हात फळीला बांधला असता तर तुम्ही थांबला असता का, विचारलं. तो म्हणाला, सोडला असता. मग कशानं थांबला असता? त्यानं विचार केला आणि म्हणाला, बारदान सांगितलं असतं तर. त्यांना शब्द माहीत नव्हता. त्यानं समजावला. त्यांनी तो फाईलच्या पाठीवर लिहून घेतला.

नंतर तो दर महिन्याला तपासणीला गेला. मंठ्याहून एसटीनं दीड तास. मी बरोबर असायचो. मनगट भाद्रपदात पूर्ण वळू लागलं. नवी कातडी आधी गुलाबी, मग तांबूस, मग बाकीच्या हातात विरघळत गेली. कधी उन्हात तो ती निरखत बसायचा, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

दिवाळीच्या आधी गेलो तर डॉक्टरांनी त्याला वॉर्डात बोलावलं. लोखंडाच्या भट्टीवर काम करणारा कल्याण नावाचा माणूस आला होता. डावा हात भाजलेला. कागद वाचून झाला होता, सही करत नव्हता. अर्धा हात कोरडा का ठेवायचा, यावर अडला होता.

राजानंद स्टुलावर बसला. स्वतःचा हात पुढं ठेवला. आधी बारदान सांगितलं. मग आपली चूक सांगितली, अनोळखी माणसाला, काहीही न लपवता. उशी, उतार, तीन दुपारी, रेघ मारलेली ओळ. सांगताना मध्ये थांबत होता. क्विंटलाचं पोतं चढावर नेताना तो तसा थांबायचा. बाहेर ऊन कललं होतं. पडदे हिरवे, माणसं हिरवी.

कल्याणनं शांतपणे ऐकलं. पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही.

"अन् मला बी तसंच वाटलं तर, काका?"

"वाटणारच," राजानंद म्हणाला. "वाटू द्यायचं. हात हलवायचा न्हाई."