युसूफभाई आणि साहेबाची खुर्ची

युसूफभाई गेल्याचं मला गोंडपिपरीच्या बसस्टँडवर कळलं, तेही पंधरा दिवसांनी. चंद्रपूरला परकोटाजवळ त्यांचं दुकान. आधी टायपिंगचं; दोन हजार सालच्या सुमारास तिथे कॉम्प्युटर आले, आणि जन्मभर लोकांचे अर्ज टाइप करणारे युसूफभाई लोकांना ईमेल लिहायला शिकवू लागले.

मी तेव्हा एटापल्लीच्या एका शाळेत शिक्षिका होते. गोंडपिपरीत आई एकटी, तिची नजर जात चाललेली. बदलीसाठी संस्थेच्या सचिवांना ईमेल करायचा होता. डोकं माझं पहिल्यापासून तापट. ‘तुम्ही मला जंगलात सडवलंत’ इथून सुरुवात करून पानभर झोडपून काढलं आणि पाठवायला निघाले.

युसूफभाईंनी मला उठवलं आणि समोरच्या लोखंडी खुर्चीत बसवलं. ती साहेबाची खुर्ची. ईमेल कोणाचाही असो, पाठवण्याआधी लिहिणाऱ्याने तिथे बसायचं आणि युसूफभाई वाचतील ते साहेब होऊन ऐकायचं, हा दुकानाचा रिवाजच होता. ते सावकाश वाचत गेले... आणि खुर्चीतल्या मला राग येऊ लागला, माझाच. बदली देता का साहेब, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले.

“मीबी नसती देली. आन बाई, यात तुमची आई कुठी आहे?”

खरंच, आई कुठेच नव्हती. पुन्हा लिहिलं. ‘महोदय’, ‘नम्र विनंती’, ‘आपल्या सोयीने’ हे शब्द त्यांचे, आई माझी. विषयाची ओळही त्यांनीच सांगितली. ईमेल न उघडताही साहेबाला काम कळलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. काम झालं की आभाराच्या दोन ओळी लिहा, लोक तेवढंच विसरतात, असंही निघताना म्हणाले.

महिनाभरात बदली झाली. आईची शेवटची वर्षं मला तिच्याजवळ मिळाली. त्या दुकानावरून नंतर कितीदा गेले, पण आत पाऊल टाकलं नाही. याची आज लाज वाटते.

परवा गेले. आता त्यांची मुलगी शबाना दुकान पाहते. मी ओळख सांगितली.

“अब्बा बहुत दिवस विचारत होते,” ती म्हणाली, “त्या एटापल्लीच्या बाईचं काय झालं म्हणून.”

मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि युसूफभाईंच्याच पत्त्यावर आभाराचा ईमेल लिहिला. शबाना न सांगताच उठून लोखंडी खुर्चीत जाऊन बसली. मी वाचत गेले, तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“विषय राह्यला, बाई.”

मी लिहिलं : बदली झाली होती, भाऊ. कळवायचं राहून गेलं.