न भरलेली घागर

उधन्याच्या बाजारात ती भाजी विकते. मी इस्पितळात अवयवदानासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना समजावतो. तिच्या मेंदूमृत मुलाचं हृदय मीच मागितलं होतं. तिने होकार दिला, पण जवळपास जुळणारा रुग्णच मिळाला नाही. हृदय त्याच्यासोबतच जळालं. तरी मी तिला सांगितलं, एकाला बसवलं.

तेव्हापासून मी दिसलो की ती पदराला हात पुसते. "भाऊ, चालतंय ना त्याचं?"

"चालतंय, मावशी."

मग मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात. यंदा मी विचारलं, "मुलाची भरली?"

ती हसली. "येडा झाला का भाऊ? काळीज धडधडतंय त्याचं. जित्याची कुठं घागर भरतात?"

मीही हसलो. तिचा मुलगा तहानलेलाच आहे, माझ्यामुळे.