लीन मामा आणि पुढचं वर्ष

कोणताही प्राणी दिसला की लीन मामांना आधी त्याची चरबी दिसायची. एकदा प्रताप नगरच्या रस्त्यावर वरात अडली होती. सगळे नवरदेवाकडे बघत होते, निम्मे बँडसमोर नाचत होते. मामा घोडीच्या मागे जाऊन उभे राहिले, तिच्या मांडीकडे बराच वेळ पाहिलं आणि मला कोपर मारून म्हणाले, "पाह्य गा मक्या, एवढ्या मोठ्या पायात तोळाभर चरबी नाई. याले म्हणते लीन." नवरदेवाचा काका शेजारीच उभा होता. त्याची नजर बघून मी मामांना हाताला धरून गल्लीत ओढत नेलं. गल्लीतही ते मागे वळून घोडीकडेच बघत होते.

'लीन', म्हणजे बिनचरबीचा, हा इंग्रजी शब्द त्यांनी कुठल्या तरी मासिकातून उचलला होता आणि तो त्यांना इतका चिकटला की सगळे त्यांना लीन मामाच म्हणू लागले. आईनं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, मी कुठल्या तरी भजनी मंडळात जाऊ लागलोय. "कशात लीन असतात रे हे?" तिनं कौतुकानं विचारलं. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, "प्राणिमात्रांत."

मामा उमरेडच्या बाजूला कोळशाच्या खाणीत फिटर होते. सकाळच्या एसटीनं जायचे, दुपारी परतायचे आणि पाच वाजता प्रताप नगरात, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये आमची व्यायामशाळा उघडायचे. आरसा एकच, तोही तडकलेला. भिंतीवर चार जणांचे फोटो, चौघांच्याही गळ्यात मेडल. मी बावीस वर्षांचा होतो आणि वजन बावन्न किलो. घरातले काका-मावश्या मला बघून "पंखा हळू करा, मकरंद बसलाय" असं म्हणायचे. पहिल्या दिवशी मामांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हाडं चांगली आहे. याच्यावर घर बांधता येते." माझ्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं, असं त्याआधी झालं नव्हतं. मी त्या वाक्याला जो अडकलो तो अडकलोच. मला जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत एकदा, फक्त एकदा, स्टेजवर उभं राहायचं होतं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उभा करतो. पण खावं लागन मी सांगतो ते."

ते जे सांगायचे ते बाकी नागपूर खात नव्हतं. डब्यातली पावडर त्यांना विषासारखी. ब्रॉयलर कोंबडी म्हणजे "फुगा". मटण म्हणजे "चरबीचं पोतं". संध्याकाळी शेजारच्या सावजी भोजनालयातून तर्रीचा वास शेडमध्ये यायचा आणि दंड मारता मारता आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. मामा उठून खिडकी लावून घ्यायचे. "जो प्राणी वेगळा, त्याचा मसल वेगळा," असा त्यांचा सिद्धांत होता. खाणीतल्या ओळखीनं त्यांना उमरेडकडचे सगळे पाळणारे माहीत होते. बटेर कोण पाळतो, ससे कोणाकडे आहेत, कोणी हौसेनं टर्की आणली आणि आता कोणी विकत घेत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसलाय, हे सगळं.

आमच्या घरी अंडंसुद्धा बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर उकडावं लागे. त्यामुळे मी मामांच्याच घरी जेवायचो. रांधायच्या मामी. ठेंगण्या, बडबड्या, आणि स्वतः आठवड्यातले चार वार काहीच न खाणाऱ्या. पहिलं वर्ष बटेराचं. मुठीएवढा पक्षी, मीठ-हळद लावून नुसता उकडलेला. एका वेळी चार खायचे. हाडं इतकी बारीक की जेवणात वेळ जायचा तो मांसापेक्षा ती थुंकण्यात. "तेल नाई, तिखट नाई, मंग चव काय आभाळातून येईन?" मामी रोज विचारायच्या. मामा म्हणायचे, "चव जिभेले लागते वं. मसलले नाई लागत."

त्या वर्षी माझं वजन अकरा किलो वाढलं. खांदे भरले. स्पर्धेच्या महिनाभर आधी मामांनी मला आरशासमोर उभं केलं, कमरेची कातडी चिमटीत धरली आणि मान हलवली. "अजून धरता येते. पुढच्या वर्षी."

दुसरं वर्ष सशांचं. "सश्यात चरबी राहतेच कुठं? पळून राहिला ना दिवसभर." मी म्हटलं, "मामा, हे ससे पिंजऱ्यात वाढलेत. पळतात कुठे?" त्यावर ते चिडले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ससा खाल्ल्याचं घरी कळलं त्या दिवशी आईनं माझं ताट वेगळं काढून ठेवलं आणि ते पुढे कायम वेगळंच राहिलं. मी तेही सोसलं. वर्षाच्या शेवटी पुन्हा तीच चिमटी, तेच वाक्य. पुढच्या वर्षी.

तिसऱ्या वर्षी टर्की. पहिली मामांनी जिवंत आणली, पोत्यात घालून, डोकं बाहेर. मी सोबत होतो. एसटीत तिनं पुढच्या सीटवरच्या बाईचा पदर ओढला. कंडक्टर म्हणाला, "हे काय आहे बाप्पा? मोर आहे का? मोर असन त उतरा, मले जेलात नाई जायचं." मामांनी अख्ख्या गाडीला टर्कीच्या छातीतलं प्रोटीन समजावून सांगितलं. उतरताना ती बाई मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या वडलांले डॉक्टरले दाखवा." मग वर्षभर तेच; एक पक्षी आम्हाला चार दिवस पुरायचा. जबडा दुखायचा. वर्ष संपलं. चिमटी. पुढच्या वर्षी.

आता वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्याबरोबरची पोरं रोज सहा अंडी, घरची डाळ आणि तीच ब्रॉयलर कोंबडी खाऊन दुसऱ्या जिममधून स्टेजवर जात होती, हरत होती, पुन्हा जात होती. मी मात्र दरवर्षी एक नवा प्राणी संपवून आरशासमोर उभा. चिडायचो, घरी येऊन उशीवर बुक्क्या मारायचो, आणि दुसऱ्या दिवशी पाचला शेडमध्ये हजर. कारण माझं अंग खरोखरच घडत होतं. ते मामांनीच घडवलं होतं, आणि मामाच मला ते अंग कुणाला दाखवू देत नव्हते.

चौथ्या वर्षी एमू आला. त्या शहामृगासारख्या पक्ष्याच्या पालनाची लाट येऊन ओसरली होती. ज्यांनी पाळले ते हात पोळून बसले होते. अशाच एका शेतकऱ्याकडून मामांनी मांस आणलं. लालभडक, मटणासारखं दिसणारं. "हा शेवटचा, मक्या. याच्यापुढं काहीच नाई. रंग मटणाचा अन् चरबी कोंबडीपेक्षा कमी." मामींनी कुकरच्या अकरा शिट्ट्या केल्या तरी ते शिजेना. मी ते चामडं सहा महिने चावलं. आणि त्या वर्षी, मामांना न विचारता, मी स्पर्धेचा फॉर्म आणला. पासष्ट किलोचा गट. फोटो लावला, सही केली. प्रशिक्षकाची सही हवी होती, म्हणून तो त्यांच्यासमोर ठेवला.

ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "ठेव. उद्या मीच नेऊन देतो." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो.

गटासाठी वजन घेतात त्या दिवशी मी दोन दिवसांचा उपाशी, पोटात पाण्याचा थेंब नाही, अशा अवस्थेत स्पर्धेच्या हॉलवर पोचलो. यादीत माझं नाव नव्हतं. टेबलामागच्या माणसानं तीनदा बोट फिरवलं. "तुमचा फॉर्मच नाही आला." मागे रांग होती. मी बाजूला झालो.

तिथून थेट मामांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून होते, जणू माझीच वाट बघत. मामींनी पाणी आणलं, मी घेतलं नाही.

"फॉर्म कुठाय, मामा?"

त्यांनी खाटेखालच्या पेटीकडे बोट केलं. टॉवेलांच्या खाली माझा फोटो लावलेला फॉर्म घडी करून ठेवलेला. सही नव्हती.

"काहून केलं असं तुमी?" हे मामींनी विचारलं, मी नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मामा आधी म्हणाले, चरबी होती. मी शर्ट काढला. "धरा," म्हणालो. त्यांनी हात पुढे केला नाही.

"भिंतीवरचे चार फोटो पाह्यले ना तू?" ते खाली बघत म्हणाले. "चारही मीच घडवले. मेडल घेतलं अन् महिन्याभरात गेले. एसीच्या जिममध्ये. एकानं मागं वळून नाई पाह्यलं. तू स्टेजवर गेला असता त मंग माह्याकडं कायले आला असता गा?"

मी सव्वीस वर्षांचा होतो. चार वर्षं, बटेरापासून एमूपर्यंत, मी एका माणसाची संध्याकाळ भरून काढत होतो. मी इतकंच म्हणालो, "विचारलं असतं तर आलो असतो." आणि निघालो. मामी फाटकापर्यंत मागे आल्या, पण मी थांबलो नाही.

पुढे नोकरी लागली, गडचिरोलीला पोस्टिंग झालं, लग्न झालं. ते शरीर पुन्हा कधी तसं झालं नाही. बारा वर्षं मी मामांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. बदली होऊन नागपुरात आलो तेव्हा घरही मुद्दाम मनीषनगरात घेतलं. तिथल्या एका छोट्या जिममध्ये संध्याकाळी जायचो. मला शिकवता येतं हे कळल्यावर चारजण विचारायला येऊ लागले. त्यांत औषधाच्या दुकानात काम करणारी स्नेहल होती. कसलेली, जिद्दी पोरगी. खाण्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घरी जे शिजतं आणि तुला पचतं, ते खा. बाकी नाटकं नकोत." एक दिवस तिनं विचारलं, "सर, या वर्षी स्पर्धेत उतरू का मी?"

ती तयार नव्हती. मला दिसत होतं. मी त्याच क्षणी म्हणालो, "उतर," आणि फॉर्मवर सही केली. तिचा सहावा नंबर आला. तिला भरून आलं होतं. दीड महिन्यानं तिचा फोन आला की दुसऱ्या मोठ्या जिमनं बोलावलंय. "सर, रागावला नाहीत ना?"

"छे गं," मी म्हणालो. पुढचे आठ-दहा दिवस तिच्या वेळेला माझी नजर दाराकडे जात राहिली. माझा मलाच इतका संताप आला की त्या रविवारी मी स्कूटर काढली आणि मामांच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो.

ते ओसरीत खुर्चीवर होते. निवृत्त झालेले, एक पाय सुजलेला, दंडाची कातडी लोंबलेली. मला बघून म्हणाले, "लय चरबी आली तुह्या अंगावर."

बारा वर्षांचं सगळं त्या एका वाक्यानं वर आलं. मी भांडलो. उभ्यानं, मोठमोठ्यानं, शेजारचे खिडकीत येईपर्यंत. फॉर्मबद्दल, आईनं वेगळ्या काढलेल्या ताटाबद्दल, अकरा शिट्ट्यांच्या त्या एमूबद्दल. स्नेहलबद्दलही सांगितलं. मला वाटलं, आता तरी खाली बघतील. ते म्हणाले, "तयार नव्हती त पाठवली काहून? पोरीची फजिती केली." मी रागानं निघालो. मामी फाटकाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या. आज लय दिवसांनी पोटभर जेवतीन ते."

मी गेलो. पुढची दोन वर्षं जवळपास प्रत्येक रविवारी गेलो. आमचं एकच भांडण होतं आणि ते दर वेळी नव्यानं व्हायचं. ते चुकले हे त्यांनी एकदाही मान्य केलं नाही. डॉक्टरांनी मांस बंद केलं होतं. मामींनी केलेला मऊ भात समोर ठेवून ते मला सांगायचे की एमू नीट शिजवला असता तर मी राज्यपातळीवर गेलो असतो. मी म्हणायचो, राज्यपातळी राहू द्या, मला जिल्ह्याचं स्टेजसुद्धा तुम्ही चढू दिलं नाही. मग मामी चहा आणायच्या.

शेवटच्या रविवारी ते खाटेवर पडूनच होते. बोलताना धाप लागत होती. मी भांडण काढलं नाही.  तेच डोळे मिटून म्हणाले, "तू त्या वर्षी उतरला असता त पाचवा आला असता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला स्टेजवर उभं केलं होतं.  माझ्या तोंडातून निघालं, "चौथा."

"पाचवा गा," मामा म्हणाले. "तुह्या पोटऱ्या कमी होत्या."

गुरुवारी ते गेले. घाटावरून परतताना मी मामींना हे सांगितलं. त्या रडता रडता थांबल्या आणि म्हणाल्या, "मले त तिसरा म्हणत होते."

मी त्या वर्षीचे तिघे विजेते नंतर पेपरात पाहिले आहेत. तिसरा कुठून येणार? माझ्या पोटऱ्या खरंच कमी होत्या. पण पाचवा नाही, मी चौथाच आलो असतो. हे आता मी कुणाला पटवून देऊ?