रोहा ते पेण, एकेक कण

आमच्या शाळेतल्या फिजिक्सच्या सरांइतका हट्टी माणूस कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, पुन्हा होईल असंही वाटत नाही. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मधल्या सुट्टीत बशीतला चहा पुन्हा कपात ओतून सर मला विचारत, "उष्णता गेली कुठं, सांगा!" मी सांगेपर्यंत बिचारा चहा गार. बाजारात कंपनीतल्या इंजिनियरांशी वाद घालता घालता रिकामी पिशवी घेऊन घरी जायचे ते वेगळंच.

नव्वदच्या दशकात त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की प्रकाशाचे सुटे कण एकेक करून धाडले, तर त्यांतून गुप्त किल्ली पाठवता येते. वाटेत कोणी डोकावलं तर कण बिघडतात आणि डोकावणारा पकडला जातो. तो प्रयोग टेबलावर, हातभर अंतरात झाला होता. "हातभर जमलं ना? आता रोह्यापासून पेणपर्यंत वाढवायचं, एवढंच!" सर म्हणाले.

पेणच का, ते मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण तिथं रामवाडीत दिलेली. तिची येणारी-जाणारी सगळी पत्रं सासूबाई किटलीच्या वाफेवर उघडून वाचत आणि शितांनी पुन्हा चिकटवत. सर भेटायला गेले तर बाई दोघांच्या मध्ये बसलेल्या. तिच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ: मी सुखरूप आहे. "असेल तर उत्तमच हो," सर म्हणायचे, "पण ते खरं हाय हे मला कळणार कसं?"

मग काय! गॉगलच्या काचा निघाल्या, उजेड एकेका कणावर आणायला बॅटरीवर काळ्या कागदांचे थर चढले आणि तिन्हीसांजेला माझी नेमणूक नदीपलीकडे, अष्टमी गावच्या काठावर झाली.

"दिसतंय काय?" सर ओरडले.

"काय नाय!"

"शाबास! म्हणजे कण सुटे होतायत!"

आठवडाभर डास मारत मी काहीही न दिसण्याचं काम इमानेइतबारे केलं. शेवटी वैतागून म्हणालो, "अहो, हे पुढच्या शतकात जमेल. बहीण तोवर थांबेल?"

सरांनी पहिल्यांदाच बॅटरी बंद केली.

त्या दिवाळीआधी चिठ्ठ्या टाकून काढलेले आकडे त्यांनी दोन वह्यांत हुबेहूब उतरवले. अक्षराच्या क्रमांकात वहीतला आकडा मिळवायचा, आणि वापरलेलं पान चुलीत. प्रकाशातून जाईना ती किल्ली, म्हणजे त्यातली एक वही, भाऊबीजेच्या साडीच्या घडीतून गेली. नव्या साडीची घडी जिची तिनंच मोडायची, एवढं सासूबाईसुद्धा पाळत.

पंधरवड्यानं शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. नुसते आकडे. विणकामाचे टाके समजून सासूबाईंनीच ते पेटीत टाकलं होतं. सरांनी वही काढली आणि माझ्यासमोर वजाबाकी करत एकेक अक्षर मांडलं: दादा, न्यायला ये.

तासाची घंटा झाली होती. सरांनी हातावरचा खडू झटकला आणि सरळ एसटी स्टँड गाठला. संध्याकाळी दोघं पेणच्या गाडीतून उतरली, तेव्हा बहिणीकडं एक पिशवी होती आणि अंगावर तीच साडी. खरं सांगतो, मला रडू आलं.

वाटलं, संपलं खूळ. कुठलं! "बहीण आली की घरी," मी म्हणालो.

"माझी आली," सर म्हणाले, "बाकीच्यांच्या?"

पुढं कितीतरी वर्षं तिन्हीसांजेला सर रोह्याच्या काठावर कागद चढवत आणि पलीकडं माझ्या जागी बहीण उभी असे. "दिसलं काय गो?" "नाय रे दादा!" "उभी ऱ्हा, जमंल!"

सर गेले. बहीण अष्टमीत बालवाडी चालवते. परवा पुलावरून येताना ती मला त्याच काठावर दिसली. खाली उतरून मी विचारलं, "दिसतंय काय गो?"

"नाय," ती रोह्याकडं बघत म्हणाली, "पण दादानं उभी ऱ्हा म्हटलंय."