उस्तादांची चालती अक्षरं

उस्तादांना उभं अक्षर सहन होत नसे. एखाद्या दुकानावर सरळ, काटकोनी पाटी दिसली की ते तोंड फिरवून पुढं जात. म्हणत, “उभं अक्षर म्हंजे चौकीदार. लोक चालत वाचतेत, मग अक्षरानं बी चालाय पाहिजे.”

निजामाच्या काळात ते उर्दूचे ठसे कोरत. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली आणि त्यांचं काम आटलं. गुलमंडीजवळच्या छापखान्यात मी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. तिथं येऊन ते म्हणाले, “भाऊ, तुमची बाराखडी शिकवा मला.” चाळिशीचा माणूस माझ्याशेजारी बसून पाटीवर क, ख गिरवू लागला.

मग त्यांनी आमच्याच छापखान्यातल्या पोस्टरसाठी लाकडात मोठी अक्षरं कोरायला घेतली. जाड, पुढं झुकलेली. प्रत्येक रेघ टोकाकडं तुतारीच्या तोंडासारखी रुंदावत गेलेली. उर्दू कलमाचा झोक त्यांनी मराठीच्या अंगात उतरवला होता. कुस्त्यांच्या दंगलीची पोस्टरं सिल्लोडच्या बाजारात लागली, तेव्हा उस्ताद मुद्दाम बसनं गेले. भिंतीकडं न बघता वाचणाऱ्यांची तोंडं बघत राहिले. “लई येळ थांबत होते लोक,” परत आल्यावर लाजत म्हणाले.

ही अक्षरं धातूत ओतली जावीत आणि गावोगावच्या छापखान्यांत जावीत, एवढी एकच त्यांची इच्छा. छापखान्याच्या मालकांनी त्यांना पुण्याच्या एका खिळे ओतणाऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथल्या लोकांनी अक्षरं पाहिली, वाखाणलीसुद्धा. पण झुकलेल्या वेलांट्या छापताना मोडतात, तेव्हा सगळी सरळ करून आणा, असं त्यांनी सांगितलं. उस्ताद अक्षरांची पेटी उचलून घरी आले. “सरळ केली तर ती कोणाची ऱ्हातील, भाऊ?”

पुढं ऑफसेटची छपाई आली. मालक वारले, मुलांनी यंत्र विकलं. लाकडी अक्षरांना गिऱ्हाईक नव्हतं. ती मागच्या शेडात पडली. जागा रिकामी करायच्या वेळी मी उस्तादांना बोलावून घेतलं. खण ओढला तर आत वाळवीची माती. त्यांनी एक अक्षर उचललं, ते बोटांतच भुगा झालं. “एखादं तरी सालम, आख्खं हाय का?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी सगळे खण उपसले. एकही नव्हतं.

मी लाकडाचा नवा तुकडा घेऊन शहागंजात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो हातातही घेतला नाही. त्यानंतर हत्यारं कुणाला तरी देऊन टाकली.

शेवटची भेट झाली तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. माझ्या मुलांची चौकशी केली, मालकांच्या तिरसटपणाचे किस्से सांगितले. बोलता बोलता मी वाचायला मराठी पेपर पुढं केला.

त्यांनी तो हळूच परत दिला.

“मराठी वाचाया येत नाय मला आता. इसरलो.”

बाकी सगळं त्यांना आठवत होतं.