मासेवाल्या लाद्यांचं वृंदावन

पेडण्यातल्या आमच्या गावची जुनी घरं वाचवण्याच्या मोहिमेतून पहिलं बाद झालं ते माझं घर.

रस्ता रुंद करताना आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, सगळी अंगणं जाणार होती. (सरकारला अंगण म्हणजे मोकळी जागा वाटते!) वाड्यावरची घरं संरक्षित यादीत आली, तरच रस्ता अडणार. मी पत्रक काढलं : 'झोपलेल्यांनो, जागे व्हा! जुन्या तुळशीवृंदावनांना हात लावाल तर खबरदार!!!' आमचा हुकमाचा पत्ता म्हणजे आमच्याच दारातलं वृंदावन. चिऱ्याचं, चुन्याचा गिलावा, चारी बाजूंना मोर. ते बघायला वारसा समितीच्या बाई येणार होत्या, नेमक्या तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.

त्यांना आणायला मी पणजीला गेलो. घरी बाबा आणि काका होते. तिथेच घात झाला!

परतलो तर दारात गुलाबी वृंदावन. चारी बाजूंना न्हाणीघराच्या लाद्या. लाद्यांवर मासे! लग्नाआधी वृंदावन रंगवायची रीत घरोघरी आहेच. पण पाहुणी सरकारी, म्हणून बाबांनी नुसत्या रंगावर भागवलं नव्हतं.

"बाबा, हे काय?"

"तूच सांगतंस मा, वारसो राखूक होयो? राखलो! आता शेवाळ धरूचा नाय, मोर झरूचे नाय."

"पण मोर आहेत कुठे?"

"आत. एकदम सेफ!"

बाईंनी चष्मा पुसला. "हे... किती जुनं?"

काका अभिमानाने पुढे झाले. "सकाळचा! हात लावू नकात, शिमिट ओला असा!"

मी तावातावाने छिन्नी आणली. एक लादी निघाली. तिच्यामागोमाग मोराचं डोकंही निघालं.

"थांबा!" बाई ओरडल्या. "एवढं संरक्षण पुरे!"

शेजारच्या सुमनकाकीचं वृंदावन मात्र जसंच्या तसं होतं. माझ्या पत्रकाच्या धाकाने तिने यंदा चुनासुद्धा लावला नव्हता. कुंपणावरून ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक वाचून दाखवूक नाय रे तां पत्रक?"

वाडा यादीत आला, पण हद्द पडली सुमनकाकीच्या कुंपणावर; आमचं घर बाहेर. रस्ता रुंद होत होत आमच्या अंगणात आला आणि तिथेच अडला. मोहीम यशस्वी! बस वळवायला जागा हवी होती, ती आमच्या अंगणाने दिली. वृंदावन तेवढं बाबांनी पाडू दिलं नाही. आता प्रत्येक बस त्याला प्रदक्षिणा घालून परत फिरते, आणि कंडक्टर ओरडतो, "चला, वारसा स्टॉप! वारसावाले उतरा!"

उतरणारा बहुतेक वेळा मी एकटाच असतो.